दगड कोण लोटणार?



ईस्टर जवळ आला की आमच्या घरांत वेगळीच धांदल असते. उपवासाचे चाळीस दिवस सरत आलेले असतात. उत्तम शुक्रवारी क्रूसाची उपासना होते, शनिवार शांततेत जातो आणि रविवारी पहाटे, काही गावांत तर उजाडायच्या आत कबरस्तानात जमून, प्रार्थना होते. मग शेजारच्या मैत्रिणी विचारतात, नाताळ म्हणजे येशूचा जन्म हे आम्हाला कळतं, पण हा ईस्टर कसला? आणि तो दरवर्षी तारीख का बदलतो?

तारखेचं उत्तर सोपं आहे. इ.स. 325 साली निकाया या शहरात धर्मपुढाऱ्यांची मोठी सभा भरली. सगळ्या मंडळ्यांनी हा सण एकाच रविवारी पाळावा, असं तिथे ठरलं. पुढे रूढ झालेला हिशेब असा, की वसंतात दिवस-रात्र सारखे झाल्यावर जी पौर्णिमा येते, तिच्यानंतरचा पहिला रविवार हा ईस्टर. म्हणून तो 22 मार्च ते 25 एप्रिल या दरम्यान कधीही येतो. आपल्याकडच्या कितीतरी सणांसारखा हाही चंद्राकडे बघून चालतो.

सण कसला, हे सांगायला मात्र वेळ लागतो. प्रभू येशू मरणातून उठला, ही आम्हा ख्रिस्ती लोकांची श्रद्धा. त्या श्रद्धेच्या जोडीने मंडळीत एक शब्द नेहमी कानावर येतो, समर्पण. स्वतःला प्रभूच्या हाती सोपवा, असं सांगितलं जातं. पुरुष हा शब्द ऐकतात तेव्हा त्यांना काहीतरी नवं करायचं असतं. आम्ही बाया ऐकतो तेव्हा मनात येतं, अजून किती सोपवायचं? माहेर सोडलं, नाव बदललं, पगार घरात दिला, झोप मुलांना दिली. आता देवालाही तेच हवंय का? हा प्रश्न आमच्या गटांतल्या बायांनी दबक्या आवाजात बऱ्याचदा विचारला आहे. म्हणून आज त्याचं उत्तर इतिहासात शोधू.

इतिहासाला काय दिसतं

येशू हा गालील प्रांतातला यहूदी. तो सगळा मुलूख तेव्हा रोमी सत्तेच्या टाचेखाली होता. यरुशलेम ज्या यहूदिया प्रांतात येतं, तिथे इ.स. 26 ते 36 या काळात पंतय पिलात नावाचा रोमी सुभेदार होता. त्याच्या हुकमाने येशूला शहराबाहेर क्रूसावर खिळून मारलं. ते वर्ष 30 किंवा 33 असावं, असं बहुतेक अभ्यासक मानतात. टॅसिटस नावाच्या रोमी इतिहासकाराला ख्रिस्ती लोकांबद्दल अजिबात प्रेम नव्हतं, पण पिलाताच्या काळात ख्रिस्ताला देहदंड झाला, ही नोंद त्यानेही करून ठेवली आहे.

क्रूसाची शिक्षा गुलामांना आणि बंडखोरांना देत. जीव घेणं हा तिचा एक हेतू. दुसरा हेतू बघणाऱ्यांना दहशत बसवण्याचा. माणसाला रस्त्याच्या कडेला, उघडं, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत मारायचं, म्हणजे त्याच्यामागून चालणारे आपोआप पांगतात. येशूचे शिष्यही पांगले. पेत्रासारखा जवळचा माणूस, मी त्याला ओळखतच नाही असं म्हणून मोकळा झाला. बाकीचे दारं लावून बसले.

आणि मग काही दिवसांतच हीच भ्यालेली माणसं त्याच शहरात उघडपणे सांगू लागली, की तो उठला आहे. कबरेत नेमकं काय घडलं, ते इतिहासाच्या मापाने मोजता येत नाही. तिथून पुढे श्रद्धा सुरू होते. पण दारं लावून बसलेली माणसं बाहेर आली आणि त्या बातमीसाठी मार खायला, मरायला तयार झाली, एवढं इतिहासालाही दिसतं.

या बातमीचा सगळ्यांत जुना लेखी पुरावा पौलाच्या पत्रात आहे. करिंथ या ग्रीक बंदरातल्या मंडळीला त्याने हे पत्र 54-55 च्या सुमारास लिहिलं, म्हणजे घटनेनंतर वीस-पंचवीस वर्षांत. आपण हे स्वतः रचलेलं नाही, आपल्याला मिळालं ते पुढे देतो आहोत, असं तो सांगतो. आणि ही बातमी खोटी असेल तर आपल्या सगळ्या श्रद्धेत काही राम नाही, हेही तो न कचरता मांडतो. ख्रिस्ती धर्मात चांगली शिकवण पुष्कळ आहे, पण तो उभा आहे तो या एका गोष्टीवर.

आता एक शब्द बघू. पुनरुत्थान हा आपल्याला जड वाटणारा संस्कृत शब्द. पुन्हा उत्थान, म्हणजे पुन्हा उठणं. नवा करार मूळ ग्रीक भाषेत आहे, आणि त्यात यासाठी जे क्रियापद येतं ते अगदी घरगुती आहे. झोपेतून उठणं, उठवणं, बसलेल्याला उभं करणं, या सगळ्याला तोच शब्द. मार्कच्या शुभवर्तमानात पेत्राची सासू तापाने पडलेली असते. येशू तिचा हात धरून तिला उठवतो, तिथे हाच शब्द आहे. याईराची बारा वर्षांची मुलगी गेली म्हणून रडारड चाललेली असते. येशू तिला तिच्या आईच्या बोलीत उठायला सांगतो, तिथेही हाच. आणि शेवटी रिकाम्या कबरेपाशी तो उठला असं सांगितलं जातं, तेही याच शब्दात. म्हणजे ईस्टरची सुरुवात त्या रविवारच्या आधीच झाली होती. ज्या ज्या घरात कुणी पडलेलं होतं आणि त्याला हात देऊन उभं केलं गेलं, तिथे तिथे.

पहाटे निघालेल्या बाया

या गोष्टीत बायांची जागा कुठे आहे, ते नीट बघायला हवं, कारण उपदेशात ती घाईने उरकली जाते.

लूकने तीन बायांची नावं दिली आहेत. मग्दालीया मरीया, योहान्ना आणि सुसन्ना. त्याशिवाय आणखी कितीतरी होत्या, असं तो म्हणतो. योहान्नाचा नवरा खुजा हा हेरोद राजाचा कारभारी होता. या बाया येशू आणि त्याच्या शिष्यांबरोबर गावोगाव फिरत आणि आपल्या पैशातून सगळ्यांचा खर्च चालवत. बचत गटाचं काम करणाऱ्या आम्हाला ही ओळ वाचून थांबायला होतं. बारा पुरुष शिष्यांची नावं मुलांना पाठ असतात, पण त्यांची भाकरी कुणाच्या पैशाने चालायची, हे क्वचितच सांगितलं जातं.

मरीया ही मग्दालाची. ते गालीलच्या सरोवराकाठचं गाव, मासळी खारवण्यासाठी प्रसिद्ध. ती दुखण्यातून बरी झालेली बाई होती, एवढंच शुभवर्तमानं सांगतात. ती बदफैली होती असं कुठेही लिहिलेलं नाही. इ.स. 591 मध्ये पोप ग्रेगरी यांनी एका प्रवचनात तिची आणि लूकमधल्या एका निनावी पापी स्त्रीची सांगड घातली, आणि पुढे चौदाशे वर्षं चित्रांत, कथांत मरीयेची तीच ओळख राहिली. बाईचं नाव एकदा खराब झालं की ते धुऊन निघायला किती काळ लागतो, बघा. 2016 साली पोप फ्रान्सिस यांनी 22 जुलै या तिच्या स्मरणदिनाला प्रेषितांच्या सणाचा दर्जा दिला. प्रेषितांना बातमी देणारी प्रेषिता, हा तिचा जुना मान तेव्हा तिला नव्याने मिळाला.

शुक्रवारी येशू क्रूसावर होता तेव्हा या बाया लांब उभ्या राहून बघत होत्या. कबर कुठे आहे, मृतदेह कसा ठेवला, हे त्यांनी पाहून ठेवलं. संध्याकाळी शब्बाथ लागला. शब्बाथाला काम करायचं नाही, म्हणून शनिवार तसाच गेला. रविवारी अगदी पहाटे त्या सुगंधी द्रव्यं घेऊन निघाल्या. मृताच्या अंगाला नीट उटणं लागलं नव्हतं, ते काम बाकी होतं. घरात मयत झाल्यावर पुरुष पारावर बसतात तेव्हा आत काय काय करावं लागतं, ते बायांनाच माहीत असतं. तशाच या निघाल्या होत्या.

कबरेच्या तोंडावर भला मोठा दगड होता. मार्क सांगतो, की वाटेत त्या एकमेकींना विचारत होत्या, हा दगड आपल्यासाठी कोण लोटणार? उत्तर कुणाकडेच नव्हतं. तरी एकीनेही म्हटलं नाही की आधी चार गडी शोधू, मग जाऊ. त्या चालत राहिल्या. पोचल्या तेव्हा दगड बाजूला झालेला होता.

आमच्या मते समर्पणाचा अर्थ या वाटेवर सापडतो. आपल्या हातात जे आहे ते, म्हणजे सुगंधी द्रव्यं, पाय आणि सोबत, घेऊन निघायचं. जे आपल्या हातात नाही तो दगड देवावर सोडायचा. पण सोडायचा तो घरी बसून नव्हे, चालता चालता.

मार्कच्या सगळ्यांत जुन्या पूर्ण प्रती चौथ्या शतकातल्या आहेत. त्यांत ही गोष्ट विचित्र जागी संपते. बाया कबरेपासून थरथरत पळाल्या आणि भीतीने कुणाला काही बोलल्या नाहीत, इथेच. पुढच्या ओळी नंतरच्या प्रतींत येतात. आम्हाला ही जुनी अखेर खरी वाटते. एवढी मोठी बातमी हाती आल्यावर बाईला पहिल्यांदा भीतीच वाटते, की आपलं कोण ऐकणार?

आणि खरंच कुणी ऐकलं नाही. लूक सांगतो, की बायांनी जाऊन प्रेषितांना सांगितलं तेव्हा त्यांना ती वायफळ बडबड वाटली. त्या काळच्या यहूदी समाजात बायांची साक्ष ग्राह्य धरू नये, असं इतिहासकार योसेफस लिहितो. दुसऱ्या शतकातला ग्रीक टीकाकार सेल्सस तर या धर्माची थट्टाच करतो, की हे सगळं कुणा अर्धवट वेड्या बाईने पाहिलं म्हणे. पौलाच्या यादीतही पेत्र आहे, याकोब आहे, पाचशे बंधू आहेत, पण मरीयेचं नाव नाही.

तरीसुद्धा चारही शुभवर्तमानांत पहिल्या साक्षीदार बायाच आहेत. कुणाला खोटी गोष्ट रचायची असती, तर त्याने ज्यांची साक्ष चालत नाही असे साक्षीदार कशाला उभे केले असते? म्हणून पुष्कळ अभ्यासक म्हणतात, की हा भाग खऱ्या आठवणीतूनच आला असला पाहिजे. आम्ही त्यापुढे एक पाऊल टाकतो. जिचं कुणी ऐकत नाही तिच्या तोंडी ही बातमी आधी दिली गेली, हाच त्या बातमीचा एक अर्थ आहे.

सोसणं आणि सोपवणं

आता त्या अवघड प्रश्नाकडे येऊ. सोपवायचं म्हणजे सोसत राहायचं का?

आमच्या मंडळ्यांत एक गोष्ट होते, ती उघड बोलायला हवी. नवरा मारतो, दारू पितो, असं बाईने सांगितलं की वडीलधारी माणसं म्हणतात, हा तुझा क्रूस आहे, तो वाहा. हे ऐकून कितीतरी बाया गप्प झाल्या. पण या सल्ल्यात शुक्रवार आहे आणि रविवार नाही. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात पेत्राची भाषणं आहेत, त्यांत एकच मुद्दा पुन्हा पुन्हा येतो. माणसांनी त्याला मारलं आणि देवाने त्याला उठवलं. म्हणजे क्रूसावरची हिंसा ही माणसांची करणी, आणि देवाने ती उलटवून लावली. ज्या देवाने पिलाताचा निकाल फिरवला, तो बाईच्या पाठीवरच्या वळांना मान्यता देईल का? घरात मारहाण होत असेल तर 2005 चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा आहे, तालुक्याला संरक्षण अधिकारी आहेत, 181 या क्रमांकावर फोन करता येतो. तो फोन करणं हे श्रद्धेच्या विरुद्ध नाही.

मग येशूने स्वतः काय सोपवलं? मरणाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत तो प्रार्थना करत होता. तिथे तो आधी मागतो. हा प्याला टळता आला तर टळावा, असं तो पित्याला विनवतो. तो घाबरला आहे, व्याकूळ झाला आहे, सोबतीला मित्र जागे राहावेत असं त्याला वाटतं. हे सगळं बोलून झाल्यावर तो स्वतःला पित्याच्या इच्छेवर सोपवतो. त्याने पिलातापुढे किंवा पुरोहितांपुढे मान तुकवली नाही, ती फक्त पित्यापुढे. आणि पित्याशीही तो आधी मनातलं सगळं बोलला. सोपवण्याआधी मागता येतं, रडता येतं, प्रश्न विचारता येतो. दडपून गप्प केलेल्या माणसाला समर्पण करताच येत नाही, कारण द्यायला त्याच्याकडे स्वतःचं काही उरलेलंच नसतं.

पहिल्या शतकांतल्या ख्रिस्ती लोकांनी हा अर्थ एका विधीत गुंफला, तो म्हणजे बाप्तिस्मा. पाण्यात उतरणं म्हणजे जुनं आयुष्य पुरणं आणि वर येणं म्हणजे ख्रिस्ताबरोबर उठणं, असं पौलाने रोमच्या मंडळीला लिहिलं होतं. ईस्टरच्या रात्री बाप्तिस्मा देण्याची चाल त्यातूनच पडली. सीरिया देशात दुरा-युरोपस नावाचं जुनं शहर आहे. इ.स. 256 च्या सुमारास ते वेढ्यात पडलं आणि मातीखाली गेलं. खोदकामात तिथे एक राहतं घर सापडलं, त्याचं प्रार्थनाघर केलेलं होतं. ज्या खोलीत बाप्तिस्मा देत तिथल्या भिंतीवर हातात दिवे घेतलेल्या बायांची रांग रंगवली आहे. बऱ्याच अभ्यासकांच्या मते त्या कबरेकडे निघालेल्या बाया आहेत. म्हणजे पाण्यात उतरणाऱ्या प्रत्येकाला, मग तो पुरुष असो की बाई, समोर त्या दिसत असणार. स्वतःला सोपवायचं कसं, हे त्यांच्याकडे बघून शिकायचं.

आपल्या मातीतलं उदाहरण

हा सगळा इतिहास दूरच्या देशातला झाला. पण पुनरुत्थान आणि समर्पण यांचा संबंध आपल्या मराठी मुलखात एका बाईने जगून दाखवला. पंडिता रमाबाईंनी.

रमाबाईंचा जन्म 1858 चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा विरोध पत्करून बायकोला संस्कृत शिकवलं आणि त्या आईने लेकीला. दुष्काळात आई, वडील, थोरली बहीण गेली. 1880 मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं. दोन वर्षांतच पटकीने तेही गेले. चोवीस वर्षांच्या आत एवढी मरणं पाहिलेली ही बाई, कडेवर मनोरमा नावाची तान्ही मुलगी.

1883 मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. वाँटेज इथल्या ख्रिस्ती भगिनींच्या मठात राहिल्या आणि 29 सप्टेंबर 1883 ला मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. लंडनजवळ फुलम इथे, समाजाने टाकलेल्या बायांना सांभाळणाऱ्या ख्रिस्ती भगिनींचं काम त्यांनी पाहिलं होतं. हे कशासाठी करता, असं विचारल्यावर त्यांना येशूची आणि शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवण्यात आली. ती त्यांच्या मनाला भिडली.

पण बाप्तिस्मा घेतला म्हणून त्यांनी आपली बुद्धी गहाण टाकली नाही. चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात असताना त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावं का, असा वाद निघाला आणि बिशपांनी हरकत घेतली. रमाबाईंनी पत्रं लिहून ती हरकत खोडून काढली. एका पुरोहितशाहीतून सुटून आलेली मी दुसऱ्या पुरोहितांचं जोखड मानेवर घेणार नाही, असा त्या पत्रांचा सूर. क्रूसावर लॅटिन अक्षरं कशासाठी, आमच्या संस्कृतात काय कमी आहे, असंही त्यांनी विचारलं. धर्ममतं त्यांनी एकेक तपासून घेतली. भगिनी जेराल्डिन यांना या हट्टाचा त्रास होई, पण रमाबाई मागे हटल्या नाहीत.

आणि तरीही, बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षांनी त्यांना जाणवलं, की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला पण ख्रिस्त मिळालेला नाही. हे त्यांनी पुढे आपल्या आत्मनिवेदनात मोकळेपणाने लिहिलं आहे. तोवर शारदा सदन सुरू झालं होतं, मुंबईत 11 मार्च 1889 ला. नंतर ते पुण्यात आलं. कीर्ती होती, काम होतं, अमेरिकेतून पैसे येत होते. त्या दिवसांत त्यांच्या हाती हॅस्लम नावाच्या इंग्रज पाद्र्याचं पुस्तक आलं. त्याच्या नावाचा अर्थच मरणातून जीवनात असा. हा पाद्री स्वतःचंच प्रवचन देता देता पालटला होता. लोकांना उपदेश करता करता त्याला कळलं, की हे आपल्याला अजून लागू झालेलं नाही. रमाबाईंना त्या आरशात स्वतःचा चेहरा दिसला. आपल्या विद्वत्तेवर आणि कामावर विसंबणं सोडून त्यांनी स्वतःला ख्रिस्ताच्या हाती दिलं.

त्या समर्पणानंतर रमाबाई गप्प बसल्या का? उलट त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यांत अवघड काम तिथून पुढे झालं. 1893 मध्ये सदनातल्या मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पडतो म्हणून पुण्यात मोठं वादळ उठलं. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांनी सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले, पालकांनी मुली काढून नेल्या. त्या वादाला दोन्ही बाजू होत्या आणि त्या दोन्ही वाचायला हव्यात. पण ज्यांचा आधार होता ते गेल्यावरही ही बाई उभी राहिली, हे कुणी नाकारत नाही.

1896-97 च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, टाकलेल्या मुलींना, विधवांना घेऊन आल्या. दौंडजवळ केडगावला जमीन घेतलेली होती, तिथे मुक्ती सदन उभं राहिलं. एवढ्या मुलींना खायला कुठून घालणार, याचं उत्तर निघताना त्यांच्याकडे नव्हतं. 1900 च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथल्या बाया-मुलींची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. हातमाग, शेती, गोठा, शिवण, छापखाना असं काम शिकून त्या आपल्या पायावर उभ्या राहिल्या. पेत्राच्या सासूसाठी आणि याईराच्या मुलीसाठी वापरलेला तो शब्द इथे पुन्हा आठवतो. हात धरून उठवणं. केडगावला मराठी बायांनी त्याचं रोजचं काम करून टाकलं.

शेवटची कितीतरी वर्षं रमाबाई मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांतून बायबलचं मराठी भाषांतर करत होत्या. साध्या बाईला वाचून कळावं, हा ध्यास. जुलै 1921 मध्ये मनोरमा गेली, चाळीस वर्षांची, आईचं काम पुढे नेणारी एकुलती एक मुलगी. जिला ईस्टरवर विश्वास ठेवायचा आहे तिच्यापुढे याहून कठीण परीक्षा कोणती? रमाबाई काम करत राहिल्या. 5 एप्रिल 1922 ला त्या गेल्या. त्या वर्षी ईस्टर 16 एप्रिलला होता, म्हणजे त्या उपवासकाळातच गेल्या, अकरा दिवस अलीकडे. संपूर्ण बायबल 1924 मध्ये मुक्तीच्या छापखान्यातून बाहेर पडलं.

याच काळातलं दुसरं नाव लक्ष्मीबाई टिळकांचं. नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई त्यांच्या मागोमाग गेल्या नाहीत. त्या वेगळ्या राहिल्या, दुःख भोगलं, परत एकत्र आल्यावरही आपला धर्म आपण पाळत राहिल्या. स्वतःच्या मनाला पटलं तेव्हा, 1900 मध्ये, त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पाच वर्षं बाईने आपलं मन कुणाच्या हाती दिलं नाही, नवऱ्याच्यासुद्धा. म्हणून जेव्हा दिलं तेव्हा ते खरोखर त्यांचं स्वतःचं होतं.

आम्ही काय घेतो

तर मैत्रिणींनो, सगळ्यांनी ख्रिस्ती श्रद्धा मानावी असा या बोलण्याचा हेतू नाही. आमच्या गटांत सगळ्या धर्मांच्या बाया आहेत आणि कर्जाच्या वहीत देवाचा रकाना नसतो. आम्ही आमची श्रद्धा तुम्हाला समजावून सांगत होतो, आणि सांगता सांगता आम्हालाही ती नीट लावून बघता आली.

आमच्यापुरतं उत्तर असं. समर्पण हे देवापुढचं असतं. ते नवरा, सासर, पाद्री, गटाची अध्यक्ष किंवा आमच्यासारखी समन्वयक, कुणीही आपल्या नावावर वसूल करू शकत नाही. ज्या समर्पणाने बाई आडवी होते ते पुनरुत्थानाचं समर्पण नव्हे. ज्याने ती उठते, बाहेर येते, दुसरीला हात देते, ते खरं. मरीया रडत कबरेपाशी उभी होती, योहान सांगतो की येशूने तिला नावाने हाक मारली, आणि लगेच तिला कामाला लावलं, जा आणि सांग. ती तिथेच त्याच्या पायांना धरून बसली नाही. तिने जाऊन सांगितलं. पहिल्यांदा कुणी ऐकलं नाही, तरी सांगितलं.

येत्या ईस्टरला आमच्यातल्या ज्या बाया पहाटे उपासनेला जातील, त्यांनी मंडळीत एक विनंती जरूर करावी. त्या दिवशीचा बायांच्या साक्षीचा उतारा यंदा एखाद्या बाईने वाचावा. वाचता येत नसेल तर पाठ करून म्हणावा. आणि शेजारीण विचारेल, हा सण कसला, तर तिला घरात बोलवून, पुढ्यात चहा ठेवून सांगावं, की काही बाया पहाटे निघाल्या होत्या, वाटेत मोठा दगड आहे हे त्यांना ठाऊक होतं, आणि तरी त्या निघाल्या.